आईच्या मापाची बंदूक

बंदूक एकच घ्यायची आणि ती दोघांनाही चालवता आली पाहिजे, असं बाबांनी ठरवलं तेव्हा मी लंडनला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात होते. शनिवार-रविवार स्लाऊला घरी यायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

त्या हिवाळ्यात बाबा रात्रपाळीला निघून गेल्यावर अर्ध्या तासात दोघे जण स्वयंपाकघराचं दार फोडून घरात शिरले होते. आई वर बाथरूममध्ये आतून कडी लावून बसली. त्यांनी व्हिडिओ प्लेअर नेला, तिच्या बांगड्या नेल्या. जाताना एकाने बाथरूमच्या दारावर तीनदा टकटक केलं आणि हसला. बांगड्यांबद्दल आई कधी बोलली नाही. त्या टकटकीबद्दल मात्र बोलायची. नंतर ती बाबा कामावर गेले की बाथरूममध्येच उशी घेऊन झोपू लागली.

कोकणात आजोबांकडे डुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक होती, तीही रीतसर परवान्याची. त्यामुळे घरात बंदूक असणं बाबांना विचित्र वाटत नव्हतं. मला वाटत होतं. पण आठवड्यातले पाच दिवस मी त्या घरात नसायचे, म्हणून बोलायला धजले नाही.

मेडनहेडच्या पुढे एक जुनं दुकान होतं, तिथे आम्ही तिघं गेलो. बाबांनी बारा बोअरची दुनळी बंदूक उचलली, ती त्यांच्या खांद्याला छान बसली. तीच आईच्या हातात दिल्यावर नळ्या खाली झुकल्या आणि बोट चापापर्यंत पोचेना. म्हाताऱ्या दुकानदाराने तिला कोपर दुमडायला सांगून बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, कोपराच्या खोबणीत धरून पाहिला. मग आतून एक हलकी, वीस बोअरची बंदूक आणली. दोघांत एक घ्यायची तर लहान चणीच्या माणसाच्या मापाने घ्यावी, असं तो म्हणाला. आखूड दस्त्याला मागे रबराची गादी चढवली की मोठ्या माणसालाही चालते, लांब दस्त्याचं तसं करता येत नाही. मी हे आईला मराठीत सांगितलं.

"म्हणजे माझ्या मापाची?" आईने विचारलं.

"तुझ्याच," बाबा म्हणाले. "मी गादी लावून घेईन."

आईच्या अंगात तेव्हाही बाबांचा जुना कोट होता, बाह्या दोनदा दुमडलेला. तिने पदर खोचला, बंदूक खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरून उभी राहिली. बराच वेळ. चोरीनंतर मी तिला इतकं सरळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

दुकानदाराने बंदूक कशासाठी हवी ते विचारलं, तेव्हा बाबांनी घरासाठी म्हणून सांगितलं. त्याने ती आईच्या हातातून हलकेच काढून घेतली. या देशात असं म्हणायचं नसतं, घर राखायला म्हणून परवाना मिळत नाही, म्हणाला. मातीच्या चकत्या उडवून नेम मारायचा खेळ असतो, त्यासाठी हवी असं सांगा. परवाने आले की या, तोवर ही बाजूला ठेवतो. बाबांना खोटं बोलवत नाही, म्हणून ते कारखान्यातल्या एका सोबत्याबरोबर दोन रविवार खरोखरच चकत्या उडवायला गेले. आई-बाबांचे दोन्ही अर्ज मी भरले. बंदूक ठेवायला जिन्याखाली लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने पक्कं करून घेतलं.

मग एका शनिवारी दुपारी पोलीस खात्यातला अधिकारी आला. सभ्य माणूस होता, चहाही घेतला. त्याने कपाट दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, बाबांना खेळाबद्दल विचारलं, आणि बाबांनी पाठ केलेलं नीट सांगितलं. नंतर तो आईकडे वळला. कपाटाची किल्ली तुम्ही कुठे ठेवणार? मी मराठीत विचारलं.

आई लगेच म्हणाली, "उशाखाली. नाहीतर तिचा उपयोग काय? दार वाजल्यावर शोधत बसू का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानेही.

सात वर्षांची असल्यापासून मी आईचं इंग्रजी होते. दहा वर्षांची असताना तिला होणाऱ्या रक्तस्रावाबद्दल डॉक्टरांना सांगायची मला लाज वाटली, म्हणून पोट दुखतं एवढंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिला अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. तेव्हा बाबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, ती जे म्हणेल तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. ते मी आजवर पाळलं होतं. 'कपाटाजवळच्या खणात' एवढं म्हणणं काही कठीण नव्हतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं.

मी उशाखाली म्हणाले. दाराचंही सांगितलं.

त्याने लिहून घेतलं. मग सावकाश विचारलं, कोणतं दार? आई सांगत गेली, मी सांगत गेले, टकटकीपर्यंत. मला वाईट वाटतं, असं तो आईकडे बघून म्हणाला. ते खरं असावं. चहा अर्धा ठेवून गेला.

महिन्याभराने दोघांच्या नावे नकाराची पत्रं आली. तीही मीच वाचून दाखवली. बाबांनी दुकानदाराला फोन केला आणि कामाला गेले. आईने एकदाच विचारलं, "तू त्यांना नेमकं काय सांगितलंस?"

"तू म्हणालीस तेच."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

बाबांना दिवसपाळी मिळेना. वसंत ऋतू सुरू झाला तेव्हा आईनेच मार्ग काढला. बाबांच्या कारखान्याशेजारी बिस्किटांची खोकी भरायचं रात्रीचं काम होतं, ते तिने धरलं. तिचे गुडघे चांगले नव्हते आणि आम्हाला त्या पगाराची फारशी गरज नव्हती. तिला फक्त रात्री त्या घरात एकटं राहायचं नव्हतं. रविवारी संध्याकाळी मी स्टेशनकडे निघायचे तेव्हा ती दोघंही डबे घेऊन बसस्टॉपवर उभी असायची. मागे घर रिकामं. जिन्याखालचं कपाटही रिकामं.

खोकी उचलून तिचा उजवा खांदा धरायला लागला. एका शनिवारी मी तिथे मलम चोळत होते, जिथे तिने दस्ता टेकवला होता साधारण तिथेच. बरेच दिवस मनात होतं ते बोलायला घेतलं.

"आई, त्या दिवशी मी जर..."

"थोडं वर," ती म्हणाली. "आणि जोरात चोळ. मला आज जायचंय."