दीड माणसाची खुर्ची

जुना ॲम्प्लिफायर तापू लागला की त्यातून एक वास येतो — उन्हात घातलेल्या गोधडीचा, आणि त्याखाली किंचित करपलेल्या धुळीचा. त्याआधी बटणाचा टक् असा आवाज, मग स्पीकरमधून कुणी श्वास घ्यावा तशी बारीक सळसळ... आणि मग गाणे. तीस वर्षे आमच्या घरात गाणे याच क्रमाने येत असे.

अमानवीय म्हणतात तसल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जन्मभर महाविद्यालयात कविता शिकवली. रूपक कुठे संपते आणि वस्तुस्थिती कुठे सुरू होते, हेच मुलांना समजावत आले. लोक या सदरात लिहितात ते असले अनुभव मी वाचत असे ते सांगणाऱ्याच्या भाषेसाठी. गेल्या माघातली एक दुपार मात्र अजून कोणत्याच बाजूला बसत नाही, म्हणून लिहिते आहे.

नाशिकला गंगापूर रोडवर, दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये भिंतीशी कमरेइतके उंच, सागवानी रंगाचे दोन स्पीकर आहेत. देवळालीहून बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून अविनाशने, माझ्या नवऱ्याने, ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी घेतले होते. त्यांच्यासमोर आठ फुटांवर वेताची खुर्ची. स्पीकर आणि खुर्ची तसूभरही हलू नयेत म्हणून त्याने जमिनीवर लाल टेपच्या खुणा केल्या होत्या.

"दोन्हीकडून अंतर सारखं पडलं की गाणारा मधोमध उभा राहतो," तो सांगे. "जिथे काहीच नाही, तिथे."

"तिथे तर तुझ्या चपला आहेत," मी म्हणत असे.

ती खुर्ची एकाला जास्त आणि दोघांना अपुरी — दीड माणसाची. पेपर तपासायच्या निमित्ताने मी ती आधीच बळकावून बसे. तो चहाचे कप घेऊन येई, एक कप माझ्या हाती देई आणि एकच शब्द उच्चारी — "सरक." त्यात विनंती नसे, हुकूमही नसे. मग उरलेल्या अर्ध्या जागेत तो मावे. तीन अक्षरांत इतकी जवळीक मी कवितेतही क्वचितच पाहिली आहे.

अविनाशला जाऊन दोन वर्षे झाली. त्या खुर्चीत मी बसत नाही. दिवाणाच्या डाव्या टोकाला बसते. रोज चार वाजता भीमपलासीची एक जुनी सीडी लावते. उजवीकडे तानपुरा, मध्ये गाणारीचा आवाज. बाकी दिवसभर फ्रिजची घरघर आणि लिफ्टचे दार. शेजारी मला काकू म्हणतात, जुने विद्यार्थी मॅडम म्हणतात, भाजीवाला ताई म्हणतो. मुलगी फोनवर असते तेवढी दहा मिनिटे सोडली, तर या घरात मला 'तू' म्हणणारे कुणी उरलेले नाही.

मुक्ता, माझी मुलगी, बंगळूरला असते. दिवाळीपासून तिचा एकच धोशा होता. "ते स्पीकर नाहीत आई, दोन कपाटं आहेत. तू नुसती पुसत बसतेस." फोनवरून चालणारी, हाताएवढी नवी जोडी तिने निवडून ठेवली होती. दुकानदार जुनी जोडी बदल्यात घेणार होता. तिचे चुकत नव्हते. डावा स्पीकर खर्जात फरफरू लागला होता, आणि मी दुपारी चारच्या भोवती दिवस बांधून बसले आहे हे तिने ओळखले होते. मी 'बघते' म्हणाले. त्या 'बघते'चा तिने होकार केला.

त्या दुपारी दुकानाकडून रफिकभाई आले. साठीचे गृहस्थ, मूळचे मालेगावचे. त्यांनी डाव्या स्पीकरची जाळी काढली, आतल्या कागदी कोनाच्या कडेचा फोम बोटाने दाबला. तो जुन्या खव्यासारखा चुरला. मग उजव्याची पाठ उघडली आणि बराच वेळ आत टॉर्च मारून पाहत राहिले.

"ताई, हा तर केव्हाचा गेला," ते म्हणाले. आतली वायर सुटून पडली होती. तांब्याच्या टोकावर हिरवा गंज चढला होता. वर्ष तरी झालं असेल, उजव्यातून आवाज निघतच नसणार, असे त्यांचे म्हणणे पडले.

मी म्हणाले, कालच तर उजवीकडून तानपुरा ऐकला. रोज ऐकते.

ते हसले नाहीत. सवयीचा कान आपणच भरून घेतो, असे काहीसे म्हणाले. आणि पुढे — "माझा नाही फसत, ताई. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. त्यातून आईची हाक निवडून काढावी लागायची."

त्यांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले. पेट्या आणि मॅग्नेट उत्तम आहेत. फोम बदलता येईल, वायर जोडता येईल. नाहीतर खाली रिक्षा उभी आहे, आत्ताच घेऊन जातो. मी म्हटले, तुम्ही बसा, चहा टाकते आणि मग सांगते.

स्वयंपाकघरात आले ठेचताना मी मनाशी ठरवले होते — देऊन टाकायचे. उजवा स्पीकर वर्षभर मुका असेल, तर मी ऐकत होते ती माझीच पोकळी होती. मुक्ताचेच खरे होते.

ट्रे घेऊन आले तेव्हा रफिकभाई दिवाणाशी उभे होते. वेताच्या खुर्चीत त्यांचे पावतीपुस्तक उघडे पडले होते. म्हणजे ते तिथे बसले होते, आणि उठले होते.

"मला काही म्हणालात का, ताई?"

मी नाही म्हणाले. ते "असू द्या" म्हणाले आणि चहा उभ्यानेच प्यायले.

त्यानंतर मी शक्य ते सगळे पडताळून पाहिले आहे. ॲम्प्लिफायरचा प्लग त्यांनी आल्याआल्याच काढून ठेवला होता. वरच्या मजल्यावरचे गावाला गेले होते. खालून भंगारवाला गेला असेल म्हणावे, तर तो असा एवढासा शब्द टाकून जात नाही. मुक्ताला मी इतकेच सांगितले की फोम बदलून घेतला, स्पीकर राहू दे. ती थोडी रुसली. वायर जोडल्यापासून तानपुरा उजवीकडून येतो, अगदी पूर्वी येत असे तसाच; त्यात मला कणभरही फरक जाणवत नाही, आणि याचाही अर्थ मला लावता आलेला नाही.

पण तेव्हा, ते दारात चपला घालत असताना, मला राहवले नाही. काय ऐकलेत, म्हणून विचारले.

ते चाचरले. "राग मानू नका. तुम्ही मघापासून अहो-जाहो करताय, आणि हे एकदम एकेरी, म्हणून नवल वाटलं. घरात दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हालाच विचारलं, पण आवाज पुरुषाचा होता. आणि या नाही, त्या स्पीकरमधूनही नाही... दोघांच्या मधून. तिथे तर काहीच नाही."

मी पुन्हा विचारले — शब्द कोणता होता?

त्यांनी एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सरक."