हलवाईने न हलवलेला दगड

त्याला सगळे हलवाई म्हणत. आयुष्यात त्याने गोड असं काही केलं नव्हतं, गोड बोलणं तर नाहीच नाही. पण दिसेल ती वस्तू हलवून बघायची त्याला खोड होती. कुणाकडे गेला की आधी खुर्ची हलवणार, मगच बसणार. शिडी, कठडा, दाराची चौकट, काही म्हणून सुटत नसे. एकदा नवा शेजारी भाबडेपणाने मिठाईची ऑर्डर घेऊन दारात आला, तेव्हा त्याची बायको हसून हसून उंबऱ्यावरच बसली. ती नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. त्याने तेच कपाट पुन्हापुन्हा हलवलं की ती वरूनच म्हणायची, "अहो, आहे घट्ट. सोडा आता." मग तो सोडायचा. दुसऱ्या कुणाचं ऐकेल तर शपथ.

खोड लागली ती धंद्यामुळे. थडग्यांवरचे उंच दगड काँक्रीटच्या पायावर उभे करायचे, हे त्याचं काम. बघणाऱ्याला वाटतं, एवढं जड धूड, ठेवलं की राहिलं. कसलं राहतंय! नुसत्या वजनावर दगड उभा राहतो तो कुणी टेकेपर्यंत. म्हणून पायाला आणि दगडाच्या बुडाला भोकं पाडायची, त्यांत न गंजणाऱ्या सळया घालायच्या आणि वर रेझिन, म्हणजे सळई दगडाला पक्की चिकटवणारा रस, ओतायचं. पण त्याआधी भोकातली धूळ फुंकून काढायची. ती राहिली तर रेझिन दगडाला चिकटत नाही, धुळीला चिकटतं, आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. शिकाऊ असताना त्याचा असा एक दगड आडवा झाला होता. खाली कुणी नव्हतं, हे नशीब. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हा भोकं फुंकायला लागला. त्यासाठीची पितळी फुंकणी कायम त्याच्या खिशात असायची.

मग बायको गेली. तिचा दगड त्याने बरोबर तिच्या उंचीचा घडवला आणि स्वतःच बसवला. घरी येऊन सदरा काढला, तर खिशात फुंकणी सापडली. लख्ख. तिच्यावर धुळीचा कणसुद्धा नव्हता.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. ड्रिल आठवत होतं, रेझिनचा वास आठवत होता, साखळीला लटकून खाली येणारा दगड आठवत होता. फुंकलेलं काही आठवेना.

तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. झाडाचं पान हललं तरी तो हातातली छिन्नी खाली ठेवायचा. वारा सुटला की काम टाकून दफनभूमीच्या फाटकापर्यंत जायचा आणि लांबूनच दगड उभा दिसला की परत फिरायचा. आत गेला तर आजूबाजूचे सगळे दगड ढकलून बघायचा, आणि तिच्यापाशी आला की हात खिशात घालायचा. हललाच तर? तर तो उपटायचा, म्हणजे तिला पुन्हा पहिल्यापासून निरोप द्यायचा. ते त्याच्याने होणार नव्हतं. आणि हे सांगणार कुणाला? गावभर दिवे लावले, आणि आपल्याच दिव्याखाली अंधार.

त्याची मुलगी त्याच्याच शेडमध्ये अक्षरं कोरायची. आई गेल्यापासून ती फारशी बोलत नव्हती. एका दुपारी दोघं आईच्या दगडावरची अक्षरं साफ करायला गेली. वारा होता. काम संपलं तशी मुलगी खाली बसली आणि निवांतपणे दगडाला पाठ लावली.

"ऊठ!" हलवाई ओरडला. "टेकू नकोस तिथे!"

"का? माझीच आई आहे ना?"

"ऊठ म्हणतो ना!"

ती उठली, पण तिचे डोळे भरले. "घरी तू बोलत नाहीस. आता इथे टेकायचंही नाही. मग मी जाऊ कुठे, बाबा?"

तेव्हा कुठे त्याने सांगितलं. मान खाली घालून, अडखळत. फुंकणी खिशातच होती, लख्ख होती, सगळं.

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, मी फुंकलं ना! भोकं पाडून झाली आणि तू त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास. मी हाका मारल्या, तू वळला नाहीस. मग पाण्याच्या पाइपचा तुकडा घेतला आणि एकेक भोक फुंकलं. पार तळापर्यंत."

"पण तू तर रडत होतीस. डोळे लाल झाले होते तुझे."

"धूळ गेली होती डोळ्यांत. आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, रड बाई, मोकळी हो. तिला काय सांगू? त्या दिवशी मी रडलेच नाही, बाबा. दगड नीट बसायचा होता."

एवढं बोलली आणि इतक्या महिन्यांचं सगळं तिथेच रडली.

हलवाईने खिशातून हात काढला. दगडावर तळवा ठेवला आणि ढकललं. दगड ढिम्म. दोन्ही हात लावले. मग खांदा लावला, पाय रोवले, जीव खाऊन रेटलं. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तो थांबेना.

मुलीने नाक पुसलं आणि त्याच्या मनगटाला धरलं. बापाला जन्मभर 'तू' म्हणत आलेली ती, हळूच म्हणाली, "अहो, आहे घट्ट. सोडा आता."

त्याने सोडलं.