परातीची डावी बाजू

साल १९९८. माझं वय सदुसष्ट. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोक्याचा सीटी स्कॅन, म्हणजे आतला फोटो, दिव्यावर लावला आणि एका पांढऱ्या ठिपक्यावर पेन ठेवला.

"आजोबा, याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. मेंदूत अळीनं घर केलंय."

माझी शाळा दुसरीत सुटली. तो शब्द इथं लिहिला तो नातीनं, रंजनानं. तिच्याचपायी मी तिथं गेलो, नाहीतर लाजेनं दवाखान्याची पायरी मी कधी चढलो नव्हतो.

झालं असं. रंजनाला पाहायला हिंगणघाटचे पाहुणे येणार होते. आमच्या घरी पाहुण्यापुढे चहाच्या आधी कच्च्या भाजीची परात जाते, आणि ती मीच लावतो. बायकांना विळीला हात लावू देत नाही. गाजर, मुळा, काकडी, टमाटर, बीट, रंगाशेजारी रंग गोल मांडायचा. मधोमध वाटी: घट्ट दह्यात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट. भाजी आपल्याच वावरातली, नाल्याच्या पाण्यावरची. तिथंच नाल्यात खंगाळून आणायची.

त्या सकाळपासून मला डाव्या अंगाला रंग दिसत होते. लाल, पिवळे, हिरवे गोल, आवाज न करता फिरणारे. मान वळवली की तेही सरकत. वाटलं, ऊन लागलं.

बैठकीत जाऊन परात पाहुण्यांपुढे ठेवली. मुलाचा बाप म्हणाला, "आबाजी, अर्ध्या परातीत काऊन काईच नाई?"

"भरली तर हाय."

मला भरलेलीच दिसत होती. रंजनानं माझा हात धरून डावीकडे नेला. बोटांना गार पितळ लागलं.

मग दह्याच्या वाटीत कुणाचा तरी हात दिसला. बोटं आपोआप आपटत होती, दही उडत होतं. कोण उष्टं करून राह्यला म्हणून ओरडणार, तोच बाही पाहिली. माझी होती. पुढचं आठवत नाही.

गावात कुणी म्हणालं, बाहेरचं लागलं. पाहुण्यांचा निरोप आला, घरात मिरगी असंल तर पोरीच्या रक्तातही असंल, आम्ही थांबतो. त्या निरोपानं मी उठून बसलो. रंजनाला म्हटलं, "चाल, कुठं डोकं दाखवाचं तिथं दाखवतो."

"आता लाज नाई वाटत का, आबाजी, दवाखान्याची?" पोरगी डोळे पुसता पुसता बोलली.

डॉक्टरीणबाईंना मी सुनावलं, "मी मटनाले जन्मात शिवलो नाई. अळी आली कुठून?"

"मटण खायलाच हवं असं नाही. माणसाच्या घाणीतून तिची अंडी नाल्यात जातात, पाण्यातून भाजीवर. तुम्ही कच्ची खाता."

"कधीपासून बसली हाय?"

"सांगता येत नाही. काही वर्षं असेल. आता मरायला लागली, म्हणून मेंदूला सूज आली आणि झटका आला."

जिवंत होती तोवर चूप होती. तिला डोक्यात घेऊन मी हुरडा खाल्ला, लग्नं जेवलो, झोपलो. मरताना तिनं माझा हात हलवला.

"रक्तात येते का हे? नातीच्या?"

"अजिबात नाही."

मग मी भरती झालो. अल्बेंडाझोल ही अळीची गोळी, स्टेरॉइड सुजेची, तिसरी झटक्याची. डावीकडच्या खाटेवरचा म्हातारा माझ्याशी बोलायचा. पूर्ण मान वळवल्याशिवाय तो मला दिसत नसे, म्हणून मी तिकडे न पाहताच उत्तर देई. एक दिवस बराच वेळ बोललो आणि मान वळवली. खाट रिकामी होती, चादर नवी. नर्स म्हणाली, तो पहाटेच गेला.

हे वाचणाऱ्याला सांगतो. हात आपोआप हलला, एका अंगाचं दिसेनासं झालं, तर मांत्रिकाकडे जाऊ नका. गोळ्या मधेच सोडू नका. नाल्याच्या पाण्यावरची भाजी शिजवूनच खा. त्या डॉक्टरीणबाईंचे माझ्यावर उपकार आहेत, आणि मी असं सहसा कुणाला म्हणत नाही.

हळूहळू नजर परतली. शेवटच्या फोटोत ठिपका सुकून खड्यासारखा झाला होता. सुट्टी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला, रंजनाच्या बापाला, सोबत घेऊन मी हिंगणघाटची एसटी धरली. पाहुण्यांच्या अंगणात उभा राहून तो फोटो उन्हाकडे धरला. "पाहा. नाल्यातून आली. पोरीच्या रक्तात काई नाई."

मुलाची आजी काठी टेकत जवळ आली. ठिपक्यावर बोट ठेवलं. "जित्ती हाय का?"

"मेली."

तिनं बोट पदराला पुसलं आणि लेकाकडे वळली. "मंग कायले थांबला बाबू? तारीख काढ."