तिजोरी सरांची लाल पेन्सिल

माणसाच्या प्रतिष्ठेचा खरा रखवालदार बहारीनमध्ये मी एकच पाहिला. तो एका शाळेत कागदांवर शिक्के मारायचा.

बारावीच्या मुलांचा कॉलेजांशी पत्रव्यवहार या रत्नागिरीकडच्या कारकुनाकडे होता. मुलं त्यांना तिजोरी सर म्हणत, कारण टेबलाशी कुणी आलं की समोरची गुणपत्रिका झाकायला त्यांचा पंजा आधी तिच्यावर पडे. कॉलेजला फोन केला तरी म्हणत, "एक विद्यार्थी आहे." पलीकडून नाव विचारलं की, "वसतिगृह आहे का ते सांगा. नावाची घाई नाही."

माझ्या मुलीचं आजारपणात एक वर्ष गेलं. (हे तिला विचारून लिहितोय. आजार कोणता, ते लिहू नका म्हणाली.) तिला पुण्यात प्रवेश हवा होता, म्हणून मी जनाबियातल्या घरी बसून अकरा कॉलेजांना पाठवायला एक पत्र रचलं. सोबत पासपोर्ट, रेसिडेंट आयडी, इस्पितळाचे सगळे कागद. शेवटी 'एका पित्याची कळकळ'. शाळेचा शिक्का असला की वजन येतं, म्हणून तिला घेऊन सरांकडे गेलो.

सरांनी लाल पेन्सिल काढली. "पासपोर्ट? मफी." म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. काट. "इस्पितळ? मफी."

"अहो, पण सहानुभूती..."

"साहेब, सीट आहे का आणि फी किती, एवढंच विचारायचंय ना? अकरा ऑफिसांत जाणार हा कागद. तिथे माणसं चहा पितात आणि हातात येईल ते वाचतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला विचारलंत?"

"नो, ही डिडन्ट," मुलगी म्हणाली. आठवडाभरात ती पहिल्यांदाच बोलत होती.

कळकळीवरही काट बसली. "ही तुमची वैयक्तिक माहिती," सर म्हणाले. "खलास." पत्र दोन ओळींचं उरलं. त्यावर प्रवेश मिळाला. आजाराचं तिने पुढे वसतिगृहाच्या डॉक्टरांना सांगितलं. स्वतः, आणि तेवढ्यांनाच.

गेल्या वर्षी सर निवृत्त होऊन गावी गेले. निरोप समारंभात मुख्याध्यापक त्यांच्यावर वीस मिनिटं बोलले आणि त्यांच्या गावाचं नाव चुकले. सरांनी दुरुस्त केलं नाही.

परवा मुलीला पदवी मिळाली. सरांना कळवावं म्हणून शाळेत जाऊन त्यांचा नंबर मागितला. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या बाई बसतात. त्यांनी नंबरांच्या वहीवर पंजा ठेवला.

"कशासाठी हवाय?"

मी कारण सांगितलं.

"पत्र द्या. पोचवते."

तिथेच बसून दोन ओळी लिहून दिल्या. नंबर अजून मिळालेला नाही.