कारभारींचं जांभळं पोवळं

आमच्या ह्यांना कुणावर विश्वास ठेवायचा म्हटलं की ताप भरतो. कारभारी त्यांचं नाव, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबीर घातली, तर घरी येऊन काडी न् काडी तपासणार. अशा माणसानं जीव लावला तो कशाला, तर काचेच्या पेटीतल्या पोवळ्याला!

अंगठीतलं नव्हे हो, जिवंत पोवळं. खाऱ्या पाण्यात राहतं, दगडासारखं कडक, पण फांद्या फुटून वाढतं. सहा वर्षांपूर्वी नखाएवढं आणलेलं, ते ताटाएवढं झालं होतं, टोकांना जांभळं. हाडं कापायच्या कात्रीनं हे त्याची फांदी कट्कन तोडत, सिमेंटच्या चकतीवर चिकटवत, की त्यातून नवं झाड उभं राही. ह्या छंदवाल्यांची एक रीत आहे. आपला एक तुकडा मित्राच्या पेटीत ठेवायचा. आपलं मेलं, तर त्याच्याकडून फांदी परत मिळते. ह्यांचा तुकडा यादवभाऊजींकडे होता. पंधरा वर्षं दोघं एकाच पाळीत कामाला.

मग एक दिवस ह्यांच्या मोबाईलवर फोटो आला. ओझरच्या कुणाच्या तरी पेटीत तसंच जांभळं पोवळं.

"यादवनंच दिलं. मला न विचारता."

"अहो, जांभळं पोवळं जगात तुमच्याकडंच आहे का?"

"तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं!"

झालं, बसलं भूत मानगुटीवर. रोज फांद्या मोजायला लागले. कामवाल्या यशोदाबाईंनी काच पुसली तरी विचारणार, झाकण उघडलं होतं का? माझा भाऊ जेवायला आला, तर हे पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेवटी भाऊजींच्या घरी जाऊन तुकडा परत मागून आणला. भाऊजींनी तो डब्यात घालून दिला. तोही ह्यांनी आपल्याच पेटीत ठेवला, झाकणाला आरपार जाडजूड पितळी कडी ठोकली, पितळी कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

महिन्याभरात आधी पेटीत पाळलेल्या कोळंब्या मेल्या. मग पोवळ्याची कातडी सुटायला लागली, खालून नुसता पांढरा दगड.

"कुणीतरी काहीतरी टाकतंय पाण्यात," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! बावीस वर्षं ह्यांचा डबा भरतेय मी. माझं डोकंच फिरलं.

"काढा ते कुलूप. बघू दे मला."

झाकण उचललं. कडीवर आतून हिरवागार थर चढला होता आणि त्यावरून थेंब थेंब पाण्यात पडत होता. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, हे मला लहानपणापासून माहीत. आणि तांबं ह्या जिवांना विष, हे ह्यांनीच मला शंभरदा ऐकवलेलं. पेटीजवळ जायच्या आधी माझी तांब्याची अंगठी काढायला लावायचे.

"पितळेत तांबं असतं ना हो?" मी विचारलं.

ह्यांनी कडीवरचा हिरवा थर नखानं खरवडून बघितला. मोठं पोवळं आणि परत आणलेला तुकडा, दोन्ही पांढरी फटक. आता कुणाकडे मागणार? मला राग आला होता, पण ह्यांची दयाही आली. मी आत जाऊन भाऊजींना फोन केला आणि सगळं मेलं, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. हातात डबा, डब्यात पाणी, पाण्यात नखाएवढी जांभळी फांदी.

"परत देताना मोडून ठेवली होती, वहिनी," ते मलाच म्हणाले. "लय राग आला होता मला."

"म्हणजे चोरलीसच की!" हे उसळले.

"चोरली. मग?"

ह्यांनी डब्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

"माझ्याकडं नको. तुझ्याकडंच वाढव. माझं पाणी नासलंय."

"कुणी नासवलं?"

"मीच," हे म्हणाले. "तू चोरशील म्हणून."