दामोदर वैद्याचा सुरण

दामोदर वैद्य कुणाच्याही घरी आला की आधी सुरण बसायचा, मग तो. लाल पंच्यात गुंडाळलेला, मातीने माखलेला चांगला पाच-सहा शेरांचा गड्डा काखेतून काढायचा, पाट मागून घ्यायचा, त्यावर गड्डा ठेवायचा आणि घरातल्या बाईला फर्मान सोडायचा, "हळदकुंकू लावा." ते लागल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. पहिल्यांदा मी लावलं. दुसऱ्यांदाही लावलं. तिसऱ्यांदा मी कुंकू वाढलंय म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. घरातली बाई बिघडली की तो नेहमी नवऱ्याकडे बघायचा.

सगळा गाव त्याला अहो-जाहो करायचा. मीही तोंडावर करत होते. पण मनात तो माझ्यासाठी कायम 'तो' होता, आणि आता लिहिताना आदर दाखवायचं काही कारण उरलेलं नाही.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा गडचिरोली वेगळी नव्हती, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा. वैनगंगेच्या काठी, मार्कंड्यापासून दोन-अडीच कोसांवरच्या एका गावात आमचे हे शाळामास्तर होते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातली दोन ह्यांनी मूळव्याधीत काढली. आजारच असा, की चारचौघांत नाव काढायची सोय नाही. चांद्याच्या दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणायचे, "तिथला कंपाउंडर ओळखीचा आहे." खुर्चीवर बसवत नसे म्हणून उभ्याने शिकवायचे, आणि गाव म्हणायचं, मास्तर मोठे कष्टाळू.

अशात हा नागपूरकडून आला. काळा कोट, धोतर, कानात अत्तराचा बोळा, आणि कंदमुळांवरची अखंड बडबड. "अर्शोघ्न! सुरणाचं नावच अर्शोघ्न आहे, गुरुजी. अग्नी प्रदीप्त करतो, वात अनुलोम करतो, यकृत निर्मळ ठेवतो. हे शास्त्र आहे." हे शास्त्र आहे, असं तो दर तिसऱ्या वाक्याला म्हणायचा. ह्यांच्या दुखण्याची तर त्याने बाजारात दवंडीच पिटली. भर शुक्रवारी, मिरच्यांच्या ढिगांपलीकडून ओरडून विचारायचा, "काय गुरुजी, रक्त थांबलं का?" हे बिचारे मान खाली घालून "होय" म्हणायचे आणि घरी येऊन माझ्यावर डाफरायचे.

सुरणात गुण नाही असं मी म्हणत नाही. माझ्या माहेरी, ब्रह्मपुरीला, दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा सुरण व्हायचाच. पण त्याची खाज मारायला आधी चिंचेच्या पाण्यात उकडायचा, नाहीतर अंबाडीच्या पाल्यात शिजवायचा, आणि बरोबर ताक. सुरण चिरताना हाताला तेल लावायचं हे आमच्याकडे आठ वर्षांच्या पोरीलाही कळतं. दामोदर वैद्याला कळत नव्हतं. त्याच्या पथ्यात आंबट वर्ज्य. "चिंच घातलीत की गुण गेला. नुसता वाफवा, तूप घाला, द्या." मी म्हटलं, "घसा धरेल ना हो." तो हसला आणि ह्यांना म्हणाला, "बाईमाणसानं चुलीकडे बघावं. गुणाकडे आम्ही बघू."

मी दिला वाफवून. दुसऱ्या दिवशी ह्यांची जीभ सुजून तोंडात मावेना. शाळेत दोन दिवस पोरांना पाढे म्हणायला लावून हे नुसत्या खुणा करत बसले. वैद्य येऊन जीभ बघून गेला आणि म्हणाला, "उत्तम. दोष वर येतोय."

त्या दिवसापासून मी त्याला विचारणं सोडलं. सुरण चिंचेत उकडायचा, ते पाणी फेकायचं, चिंचेचा कोळ धुऊन टाकायचा, मग वरून तूप सोडून ताटात वाढायचा. ताक वेगळं, गोडं, दुपारी, पाण्याऐवजी. ह्यांना पत्ता लागू दिला नाही. महिन्या-दीड महिन्यात रक्त थांबलं. हे खुर्चीवर बसून शिकवायला लागले. वैद्याचं नाव पार चामोर्शीपर्यंत गेलं. लोक त्याला तांदूळ देत, तूप देत, आणि तो आमच्या घराकडे बोट दाखवून सांगायचा, "गुरुजींना विचारा." मला हसू यायचं, आणि थोडं बरंही वाटायचं. नवरा बरा झाला होता, घरात भांडण नव्हतं, मग खोटं श्रेय त्या मूर्खाने नेलं तर नेऊ दे, असं मी स्वतःला समजावलं.

एक गोष्ट मात्र मी पाहून ठेवली होती. तो स्वतः सुरणाचा घास कधी खायचा नाही. आमच्याकडे जेवायला बसला की पोळीवर तूप-गूळ घेऊन रेटायचा. वाढायला गेलं की ताटावर आडवा हात धरायचा. "आमची प्रकृती निराळी." इतक्या लोकांना जे खायला लावतो ते आपण चाखूनही बघायचं नाही, असा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्याने पाल टाकलं. त्याचा सगळा सुरण तिथे संपला आणि गावात पुढचा हंगाम येईपर्यंत मिळायचा नव्हता. पण रोगी तर जमलेले. मग त्याची नजर मैनाबाईच्या टोपलीवर गेली. मैनाबाई गोंडाची, जंगलातून मोहफुलं, चारोळीची चारं, कंद घेऊन बाजाराला यायची. तिच्या टोपलीत कडू कंदाचे तीनच गड्डे होते. त्याने एक उचलून वास घेतला, नखाने खरवडला आणि जाहीर केलं, "हा रानसुरण. पाळीव सुरणाहून दसपट गुणकारी."

"हा सुरन नोहे, बुवा," मैनाबाई म्हणाली. "हा कडू कंद हाय. याले पातळ कापून तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवा लागते. असाच खाल्ला त मानूस मरते."

"पाण्यात ठेवला की गुण वाहून जातो," तो म्हणाला. "तू मला शिकवू नकोस."

ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. संध्याकाळी माझ्या दारी आली, कारण आमच्यासाठीही वैद्याने दोन गड्डे घेतले होते. "मास्तरीनबाई, त्याचं आयकू नोका," ती म्हणाली आणि मला ओट्यावर बसवून दाखवलं. काप किती पातळ करायचे, बांबूच्या टोपलीत कसे भरायचे, वर धोंडा कसा ठेवायचा. तीन दिवसांनी काप हाताला बुळबुळीत लागता कामा नये. मग उकडून पाणी फेकायचं. चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचं. चावला तर आणखी एक दिवस.

मी तसंच केलं. कपडे धुवायला गेले तेव्हा टोपली धारेत दगडाखाली दाबून आले. ह्यांना आणि वैद्याला सांगितलं, कंद उद्या-परवा करते, तूप कढवायचं आहे. तूप डबाभर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखू आली. सखू म्हणजे कोतवालाची बायको. कोतवाल भिवा, दांडगा पस्तिशीचा गडी, त्यालाही हेच दुखणं. वैद्याने त्यालाही गड्डा दिला होता. ओसरीवर वैद्य बसला होता, शेजारी हे. सखू दाराशी उभी राहिली, पदर सावरला आणि मला विचारलं, "बाई, गुरुजीले तुमी कसा करून देता जी? तुमच्या हातानं त्यायले गुन आला म्हन्तेत. मले सांगा ना."

आता हे लिहिताना मला वाटतं, बोलायला किती लागलं असतं? चार वाक्यं. पण ती चार वाक्यं बोलले असते तर ह्यांना कळलं असतं की चार महिने बायको चिंच घालत होती. वैद्य त्यांच्याकडे बघत होता. हे माझ्याकडे बघत होते. ह्यांचा चारचौघांतला मान, घरातली शांतता, आणि खरं सांगायचं तर, खोटी ठरायची माझी भीती. मी म्हटलं, "वैद्यबुवा सांगतात तसाच."

"बघा," वैद्य म्हणाला. "हे शास्त्र आहे."

मी मनात ठरवलं होतं की दुपारी तिच्या घरी जाऊन हळूच सांगेन. सखूने दुपारची वाट पाहिली नाही. घरी गेली ती सरळ चुलीपाशी बसली. मी निघेपर्यंत भिवा ओकत होता. मग त्याला बोलता येईना. मग हातपाय झाडायला लागला. लोकांनी ताक पाजलं, ते आत गेलंच नाही. बैलगाडी जुंपली, पण चांदा लांब होता. दिवस मावळायच्या आत भिवा गेला.

आणि त्या वैद्याने काय करावं? अंगणात प्रेत असताना, काळ्या कोटाची बटणं लावून, उभा राहून म्हणाला, "पाकात दोष झाला. कंद निर्दोष आहे. गुरुजींच्या घरी हाच कंद आहे, त्यांना काही झालं का?" आमचा कंद अजून चुलीवर चढलाच नव्हता, हे त्याला ठाऊक होतं; लोकांनी माना डोलावल्या. सखू कोपऱ्यात बसून स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होती. मी तिथेच होते. तेव्हाही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या सर्व्हिस मोटारीने गेला. पंचा काखेत होताच. पुढे वर्ध्याकडे त्याने मोठा दवाखाना थाटला, लोक लांबून यायचे, म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात सुखाने गेला, असं कानावर आलं. ह्यांनी हळहळून सांगितलं. मी ताट उचलून आत गेले. त्या माणसाबद्दल मला कधी दुःख झालं नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला जन्मभर शिव्या देणं फार सोपं असतं हेही मला ठाऊक आहे.

दीड वर्षाने ह्यांची बदली झाली. गाडीत सामान चढत होतं तेव्हा सखू आली. हातात मोहफुलांची पुरचुंडी होती, मध्यंतरी झालेल्या माझ्या पोराच्या खाऊसाठी. म्हणाली, "बाई, एक इचारू का जी? मले अजून समजलं नाई, मी काय चुकली. तूप कमी पडलं का? का आच जास्त झाली? लोक म्हन्तेत सखूले शिजवता आलं नाई. मले बी तसंच वाटते."

ह्या वेळी हे शाळेत किल्ल्या द्यायला गेले होते. ओसरीवर कुणी नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. चिंच, ताक, मैनाबाई, पातळ काप, वाहतं पाणी, तीन दिवस. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये मध्ये मान हलवत होती, जणू उद्या घरी करून बघायचं होतं.

"तीन दिवस?" तिने विचारलं.

"तीन दिवस."

तिने नदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "म्हंजे त्या सकाळी मी तुमच्या दारात उभी होती, तवा तुमची टोपली नदीतच होती का जी?"

मी हो म्हटलं.