रावबहादुराचं आवतन

रूपराव मेला नाई अजून. पण त्याचं चरित्र मी आजच सांगून टाकते. पुढं त्यात भर पडीन असं काही तो करीन, हे मले तरी वाटत नाई.

मी शोभाबाई, त्याची शेजारीण. नाचणगावच्या पलीकडे आमचं गाव. रूपरावच्या पणज्याले इंग्रजानं रावबहादूर केलतं. काऊन, ते कोणालेच माहीत नाई. साहेब शिकारीले आला का पणजा त्याचा डबा धरून मांगं पळे, असं माझी सासू सांगे. इंग्रज गेला, मालगुजारी गेली, पण दारावरची पाटी नाई गेली. 'रावबहादूर रूपराव'! अरे बावा, किताब म्हणजे का वावर आहे, बापाचं पोराले मिळाले? पण याले कोण सांगीन! चाळीस वर्षांपासून पाहून राह्यली मी, या माणसानं वावरात जाऊन कधी डवरा हाती धरला नाई. फेटा मात्र रोज बांधते.

बायको आनंदाबाई त्या फेट्याले खळ देता देता गेली. मांगं एकच पोरगी, मंजुषा. नवऱ्याचं घर सोडून आली अन् सारं वावर तिनंच सांभाळलं. पराटी तिची, तूर तिची. ढवळ्या-पवळ्याची जोडी तर गोऱ्हे होते तवापासून तिनं वाढवली. बाप तिच्याच हातचं खाये अन् लोकाईले सांगे, "आपला वंश बुडाला."

आमच्याकडे पोळ्याले तोरणाखालून पहिली जोडी रावबहादुराच्या घरची. गेल्या वर्षी रूपरावचे गुडघे धरले. तवा मंजुषा म्हणे, "बाबा, यंदा कासरा मी धरते."

एवढंच मागतलं पोरीनं. जन्मात दुसरं काही मागतलं नाई.

"बाईच्या हातात मान? थू! धनंजय येईन नागपूरवरून. तोच वारस."

धनंजय म्हणजे पुतण्या. मोबाइलची कव्हरं विकते. बैल त्यानं रस्त्यात आडवा आला तवाच पाहलेला.

पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाच्या खांद्याले लोणी-हळद चोळून आवतन द्या लागते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडे जो आवतन देते, तोच दुसऱ्या दिवशी कासरा धरते. धनंजय तर दुसऱ्या दिवशी येणार होता. अन् रावबहादुराले खांदे चोळणं गड्याचं काम वाटे. ओट्यावरूनच ओरडला, "मंजे, तेवढं उरकून घे वं!" तिनं उरकलं.

दुसऱ्या दिवशी धनंजय गॉगल लावून तोरणापाशी उभा. डफडं वाजलं. बैल हालेचना. त्यानं ओढलं, चुचकारलं, शेवटी चाबूक हाणला. तसा ढवळ्या खालीच बसला! मांगं साऱ्या जोड्या खोळंबल्या, पोट्टे खिदळून राह्यले. बायाईत उभी मंजुषा, ढवळ्याच्या पाठीवरचा वळ पाहून तिचे डोळे भरले.

बापूराव पाटील म्हणे, "रूपराव, आवतन पोरीनं दिलं न? तिलेच हाक मारा."

मी रूपरावच्या तोंडाकडे पाहत होती. हाक मारली असती, तर हे सारं बोलणं मी गिळलं असतं, आईची आन. पण यानं फेटा सावरला.

"मान गेला तरी चालीन. फुटू द्या पोळा."

अन् फुटला पोळा. मांगं उभ्या गोमाजीची जोडी तोरणाखालून पहिली गेली. मंजुषा पुढं आली, "ऊठ रे राजा," म्हणे, अन् ढवळ्या उठला. कासरा न धरताच दोघं बैल तिच्या मांगं घरी गेले.

पूजेले मी गेलती. धनंजय केव्हाच सटकला होता. मंजुषानं बैलाचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. मग मले पाट मांडला, वाढलं. रूपराव फेट्यासकट माझ्या बाजूले येऊन बसला. बराच वेळ झाला, त्याच्यापुढं ताटच येईना.

"मंजे, मले?"

तिनं पाहलं त्याच्याकडे. आवाज जराही चढला नाई तिचा.

"बाबा, काल तुमाले आवतन द्याचं राहून गेलं."